ओपारिन आणि जीवनाच्या उगमाचा प्रश्न
(सिलतरा, जि. रायपूर येथील कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या भट्टीत काय घडते? कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो व लोह मोकळे होते. या क्रियेला क्षपण म्हणतात. जीवनाच्या उगमाचे कोडेही याच क्रियेशी निगडित आहे, हे सोव्हिएत जीवरसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ओपारिन यांनी दाखविले.

१८९४ साली उग्लिच येथे जन्मलेले ओपारिन १९१७ मध्ये मॉस्को विद्यापीठाचे पदवीधर झाले. निर्जीव द्रव्याच्या क्रमविकासातूनच सजीव द्रव्य निर्माण झाले, हा विचार त्यांनी १९२४ च्या एका छोट्या पुस्तिकेत मांडला. १९३६ च्या ग्रंथात तो सविस्तर आला: आद्य वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व बाष्प यांपासून सेंद्रिय संयुगे बनली, समुद्रात साचली आणि त्यांचे सूक्ष्म थेंब झाले. जे थेंब टिकाऊ, तेच उरले. संख्यात्मक बदलातून गुणात्मक झेप, ती हीच.

इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन १९२९ मध्ये स्वतंत्रपणे याच निष्कर्षाजवळ पोहोचले होते. हे मार्क्सवादी शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले व पुढे भारताचे नागरिक झाले. १९५३ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली मिलर यांनी या वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळविली. १९५४ मध्ये अलाहाबादचे कृष्ण बहादूर यांनी प्रकाशाच्या साहाय्याने अमिनो आम्ले बनविल्याचे प्रसिद्ध केले.

ओपारिन यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. त्यांनी लायसेन्कोच्या अशास्त्रीय मतांना पाठिंबा दिला. त्या मतांनी सोव्हिएत जनुकशास्त्राची अपरिमित हानी केली. आद्य वातावरण त्यांनी मानले तितके क्षपणशील नसावे, असेही आज अनेक शास्त्रज्ञ मानतात. तथापि जीवनाचा उगम हा प्रयोगशाळेत तपासण्याचा प्रश्न आहे, हा त्यांचा मूळ आग्रह अबाधित आहे. १९८० मध्ये ते निवर्तले. पुण्याच्या आयसर संस्थेत आजही या प्रश्नावर संशोधन चालते.

आणि याच वेळी, २०२३ मध्ये, एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. हाल्डेन व मिलर यांची माहितीही त्यातच होती. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे. परंतु दहावीनंतर ज्या कामगाराच्या मुलाला विज्ञान सोडावे लागते किंवा शाळाच सोडावी लागते, त्याच्यापर्यंत तो कधीच पोहोचणार नाही. या निर्णयाचा निषेध १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी केला.

निषेध आवश्यकच आहे. पण तो पुरेसा नाही. पुस्तकातून गाळलेले पान कामगार वस्तीत वाचले गेले पाहिजे. प्रत्येक अभ्यासवर्गाने हे काम हाती घ्यावे.