मातीचा बेडूक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा ही शास्त्रावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण पावसाची डबकी साचली की आपली मुले बेडकांना दगड मारतात, हे आपण साऱ्याजणी पाहतो. नुसते "मारू नका" म्हटले तर ऐकतो कोण? म्हणून गेल्या आषाढात आळीतली सात-आठ मुले ओटीवर बसवली आणि त्यांच्यापुढे साबुदाणा, मोहरी नि माती ठेवली.

मोठा साबुदाणा शिजला की काचेसारखा दिसतो. एकेका दाण्यात मोहरी दाबली, की झाली बेडकाची अंडी! पाण्यात ती अशीच बुळबुळीत, पुंजक्याने असतात. खरबरीत अंगाच्या बेडकाची मात्र सरासारखी लांब असतात. तिथे माझी जुनी काळी पोत कामी आली.

मग मातीचे पिल्लू. नुसते डोके नि शेपूट. कल्ल्यांनी श्वास घेणारे, थेट माशासारखे. पाय आधी पुढचे की मागचे, यावर भांडण जुंपले. म्हटले, डबक्यापाशी जाऊन बघून या. आले ते ओरडतच, "मागचे, मागचे!" शेपटीविषयी एकजण म्हणाला, पालीसारखी गळते. ती गळत नाही हो, अंगातच जिरते. त्या दिवसांत पिल्लू काही खात नाही. शेपूट हीच त्याची शिदोरी. म्हणून नियम केला, शेपटीची माती टाकायची नाही, तिनेच अंग लिंपायचे. तोवर कल्ले जाऊन फुप्फुसे आलेली असतात, नि पाण्यातला जीव जमिनीवर येतो. पुस्तकातला 'उभयचर' तो हाच.

रंगवायला साऱ्यांनी हिरवा उचलला. पण भर पावसात आपल्याकडच्या मोठ्या बेडकाचा नर पिवळाधमक होतो, गळ्याशी निळे फुगे फुगवतो. माझी हळद नि नीळ दोन्ही संपली!

बोटे पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच. ती मोजायला मुले तासभर बेडकासमोर बसली. तेवढ्या वेळात दगड कोणी उचलला नाही.

खरा बेडूक मात्र हाताळू देऊ नये. तो कातडीनेही श्वास घेतो. हाताचे मीठ, साबण त्याला बाधतो. शेतातले किडे खाणारा हा जीव. त्याच्या तंगड्या परदेशी जात असत. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली.

मातीत थोडा कापूस मळावा, म्हणजे पाय तुटत नाहीत. मुलांचे बेडूक बाहेर पाटावर मांडले आहेत; जाताना पाहावेत, पण रंग ओला आहे, हात लावू नये.