न्हाणीची चूल



गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला आली की आम्ही डॉक्टर मंडळी ठरलेले प्रश्न विचारतो. पाळी कधी चुकली, आधीची बाळंतपणं कशी झाली, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. गेली काही वर्षं मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे : स्वयंपाक कशावर करतेस? उत्तरही ठरलेलंच येतं : गॅस आहे. मी कागदावर खूण करते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

एकदा मात्र समोरच्या मुलीच्या ओढणीला धुराचा वास येत होता. सहावा महिना होता तिचा. मी म्हटलं, "अगं, गॅस आहे म्हणालीस ना?" ती तोंड उघडायच्या आत सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "गॅस हाय ना, मॅडम. पण आंघोळीचं पानी काय गॅसवर तापवायचं? सिलिंडर पुरंल किती दिवस?"

माझा प्रश्नच अपुरा होता, हे मला तेव्हा कळलं.

आपल्या रत्नागिरीकडच्या किती घरांत आज ही दुसरी चूल आहे ते आठवून पाहा. स्वयंपाकघरात ओट्यावर गॅसची शेगडी, आणि मागल्या पडवीत, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात, तीन दगडांवर काळाकुट्ट हंडा. खाली जळायला जे हाताशी येईल ते : माडाची झावळं, सोडणं, करवंट्या, आंब्याच्या वाळक्या फांद्या, झाडलोटीतला पातेरा. उन्हाळ्यात हे सगळं खडखडीत वाळलेलं असतं. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. श्रावणात लाकूड ओलं, सोडण ओलं, काडेपेटीसुद्धा सादळलेली. मग पेट घ्यावा म्हणून खाली एक प्लास्टिकची पिशवी सरकवतात. ती पेटते, तिचे थेंब गळतात, काळा उग्र धूर निघतो, आणि फुंकणी तोंडाला लावून कोणीतरी वाकलेलं असतं. हे 'कोणीतरी' बहुतेक घरांत सून असते. सुनेला दिवस गेलेले असले तरी ते काम तिच्याकडून सुटत नाही.

आपण म्हणतो, रत्नागिरीची हवा चांगली. खोटं नाही ते. दुपारी खारा वारा सुटला की सगळं धुऊन निघाल्यासारखं वाटतं. केंद्र सरकारने २०१९ साली शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, त्यासाठी प्रदूषित शहरांची यादी केली. त्यात कोल्हापूर आहे, सांगली आहे, सोलापूर आहे, रत्नागिरी नाही. आपल्या जिल्ह्यातही जयगडला कोळशावर वीज तयार होते, लोट्याला रसायनांचे कारखाने आहेत, हायवेच्या कामाची धूळ आपण कितीतरी वर्षं खाल्ली. त्यांच्यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण शहराची हवा चौकातल्या यंत्रावर मोजतात. पोटातल्या बाळाला मिळते ती त्याच्या आईच्या नाकासमोरची हवा. मांडवी किनाऱ्यावर कितीही छान वारा वाहत असो, न्हाणीच्या दाराआड तो पोचत नाही.

आता हा धूर बाळापर्यंत जातो कसा, ते सांगते.

धुरातले काही कण मोठे असतात. त्यांना आपण शिंकून, खोकून बाहेर टाकतो. खरा त्रास देणारे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस भागांतला एक भाग. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि त्यांतले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. वार म्हणजे बाळाचा पहारेकरी, असं आम्ही शिकलो होतो. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दिसले. २०२२ मध्ये त्यांनी आणि स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी मिळून दाखवलं की हे कण गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही पोचलेले असतात. ज्या जिवाने अजून एकही श्वास घेतलेला नाही, त्याच्या मेंदूत काजळी! आपल्या जुन्या स्वयंपाकघराच्या कौलांवर, वाशांवर जी काळी चकाकी असते ना, तीच ही काजळी.

धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या हिमोग्लोबिनवर बसून प्राणवायू प्रवास करतो, ती जागा हा वायू बळकावतो, आणि प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटून बसतो. आपल्याकडे कितीतरी गरोदर बायकांना आधीच पंडुरोग असतो. म्हणजे गाड्या मुळात कमी, त्यातल्या काही भलत्यानेच अडवलेल्या. बाळाच्या वाट्याला प्राणवायू कमी येतो. वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. आणि या काळात बाळाच्या शरीरात सर्वांत जोरात चाललेलं बांधकाम असतं ते मेंदूचं.

मेंदूवर परिणाम होतो हे कशावरून, असं तुम्ही विचाराल. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडरिका परेरा यांनी गरोदर बायकांना पाठीवर वागवायला हवा मोजणारी छोटी यंत्रं दिली. यंत्र सॅकमध्ये घालून त्या दोन दिवस आपली नेहमीची कामं करत होत्या. पुढे मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिचाचणी घेतली. ज्यांच्या आयांनी जळत्या इंधनातली घातक रसायनं जास्त ओढली होती, त्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी चारेक अंकांनी कमी निघाला. पोलंडमधल्या क्राको शहरातही असंच काहीसं आढळलं.

चार अंक म्हणजे फार नव्हे. एका मुलाकडे बघून ते कोणालाही कळणार नाही, आईलाही नाही. पण शाळेचा अख्खा पट डोळ्यांसमोर आणा. काठावर पास होणारी दोन-चार मुलं काठाखाली जातात. पाढा पाठ व्हायला एखाद्याला आठवडा जास्त लागतो. आपण म्हणतो, लक्षच नाही त्याचं. जन्मल्यावरही ही गोष्ट संपत नाही. तान्हं बाळ मिनिटाला चाळीसेक श्वास घेतं, आपण पंधरा-सोळा. आईच्या कडेवर बसून ते चुलीपाशी असेल, तर आपल्या आकाराच्या मानाने धूर तिच्यापेक्षा जास्त ओढतं. आणि पहिल्या दोन वर्षांत त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन-चतुर्थांशापर्यंत वाढायचा असतो.

आता जरा दिलासा देणारी गोष्ट. चीनमध्ये टोंगलियांग नावाचं गाव आहे. तिथलं कोळशाचं वीजकेंद्र २००४ च्या मे महिन्यात बंद केलं. त्याआधी, २००२ मध्ये जन्मलेल्या मुलांपैकी ज्यांच्या नाळेच्या रक्तात धुराच्या खुणा जास्त होत्या, ती दोन वर्षांची झाली तेव्हा हालचालींच्या विकासात मागे पडलेली दिसली. २००५ मध्ये जन्मलेल्या मुलांत ते नातं उरलेलं नव्हतं. गाव तेच, माणसं तीच, हवा तेवढी बदलली होती.

मग गॅस आला की झालं का सगळं? इथे मला तुमच्याशी प्रामाणिक राहायला हवं. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार ठिकाणी ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना गॅस आणि मोफत सिलिंडर दिले. उरलेल्या जणींच्या श्वासातल्या बारीक कणांचं प्रमाण सत्तरच्या आसपास होतं, यांचं चोविसावर आलं. केवढा फरक! पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना तो निकाल बुचकळ्यात टाकतो. कारणांचा शोध चालू आहे. या बायकांना गॅस मिळाला तो दिवस गेल्यानंतर, कोणाला तिसऱ्या, कोणाला चौथ्या-पाचव्या महिन्यात. आणि घरातली चूल विझली तरी आजूबाजूचा धूर होताच. मी त्यातून एवढंच घेते, की डोहाळे लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा घर आधीच धूरमुक्त असावं, आणि शेजारचंही असावं.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस वाडीवस्तीपर्यंत गेला, हे मोठंच काम झालं. पण या योजनेतली कुटुंबं वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरून घेतात. चार सिलिंडरमध्ये वर्षभराचा स्वयंपाक निघत नाही, मग आंघोळीचं पाणी कुठून निघणार? सासूबाईंचा हिशेब अगदी बरोबर होता.

आता एका नाजूक विषयाला हात घालते. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, फटींना कापड, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि त्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. शेक आणि धुरी. यामागची माया मला कळते. पूर्वी कुडाच्या घरात, पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर बाळ-बाळंतिणीला ऊब द्यायची तरी कशी? पण फसगत कुठे होते ते ऐका. शेगडी अंगणात पेटवतात, धूर जाऊ देतात, निखारे लालभडक फुलले की म्हणतात, आता धूर नाही, घ्या आत. कार्बन मोनॉक्साइड त्या फुललेल्या निखाऱ्यांतूनच निघत असतो. बाळंतीण म्हणते, डोकं जड झालंय, झोप येतेय. आपण म्हणतो, शेक लागला, बरं वाटतंय तिला. तेलाचं मालीश करा, कढत पाण्याने न्हाऊ घाला, बाळाला टोपडं घाला, दुपट्यात गुंडाळा, आईच्या पोटाशी धरा. ऊब हवीच. निखारे तेवढे बाहेर राहू द्या. आणि डासांची कॉइलही त्या खोलीत नको. एक कॉइल जळून संपते तेव्हा पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं २००३ मध्येच मोजलं गेलं आहे. त्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. "आम्ही नाही का वाढलो चुलीपाशी? काय झालं आम्हाला?" माझी आजीही असंच म्हणायची. तिची बाळंतपणं अकरा. पोरं वाढली सहा. उरलेल्या पाचांचं नाव घरात कोणी काढत नसे. ती सगळी धुराने गेली, असं मी म्हणणार नाही; त्या काळी मरायला कारणं पुष्कळ होती. पण "आम्हाला काय झालं" असं विचारायला आपण सहा जण आहोत, ते पाच नाहीत.

मग करायचं काय? फार मोठं काही सांगत नाही. जमलं तर पाणी विजेवर, गॅसवर किंवा सौर बंबावर तापवा. नाहीच जमलं, तर पाण्याची चूल छपराखालून बाहेर काढा, मोकळ्यावर न्या. पावसाळ्यात आत घ्यावी लागलीच, तर धुराडं बसवा. लाकूड मेच्या अखेरीस कोरडं रचून ठेवा, त्यावर ताडपत्री टाका. प्लास्टिक चुलीत घालू नका, अंगणातही जाळू नका. शेतात भाताची दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजायची असेल त्या दिवशी गर्भारशीला चार घरं पलीकडे पाठवा. आणि दिवस राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत चूल पेटवायचं काम तिच्याकडे नको.

आपण डोहाळे पुरवतो. आंबट हवं का, गोड हवं का, नावेत बसायचंय की झोपाळ्यावर? ओटी भरायला माणसं येतात, साड्या येतात. यंदा कोणाच्या डोहाळजेवणाला गेलात, तर साडीऐवजी सिलिंडर भरून द्या. खणा-नारळाशेजारी ते पावतीचं पाकीट मुळीच वाईट दिसणार नाही.

त्या दिवशी मी सासूबाईंना एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, निदान हिने तरी आता चुलीपाशी बसू नये. बाई समजूतदार. लगेच म्हणाल्या, "मग उद्यापासून मी पेटवीन." त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि बोलताना मध्येच धाप. आयुष्यभर त्यांनीच पेटवली होती ती चूल.

"घरात आणखी कोण असतं?" मी विचारलं.

"हिचा नवरा हाय की. भायेर गाडीवर बसलाय."

मी त्याला आत बोलावलं.