ओढ्याकाठचं बन, बारा महिन्यांचं काम

भाकरी-कालवण उरकून, हात पुसत रेडिओजवळ बसला असाल. आज बचतीचा, कर्जाचा, हप्त्याचा विषय नाही. आज आम्ही तुम्हाला आमच्या गावच्या ओढ्यावर नेणार आहोत.

आमचं गाव बालाघाटच्या उतारावर, मुखेड आणि उदगीर तालुक्यांच्या शिवेजवळ. एक पाय नांदेडात आणि एक लातुरात, असं आम्ही थट्टेनं म्हणतो. गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. तो जिथं वळतो, तिथं दीड एकराचं बन आहे. अर्जुनसादडा, जांभूळ, करंज, उंबर अशी जुनी झाडं, आणि त्यांच्या पायाशी वाळा, लव्हाळा. ही झाडं कुणी लावली नाहीत. ओल होती म्हणून ती आली, आणि ती आहेत म्हणून ओल टिकली. गेली चार वर्षं आमच्या तीन गटांच्या बाया हे बन राखतात. त्यापायी आम्ही चुका केल्या, आमच्यात भांडण झालं, एक बाई आमच्यापासून तुटली. तेही आज सांगणार आहोत, कारण त्यातूनच आम्ही शहाण्या झालो.

आधी, बनाकडे लक्ष का गेलं ते सांगतो. २०१६ चा उन्हाळा तुम्ही कुणी विसरला नसाल. लातूर शहराला प्यायला पाणी नव्हतं, म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमचाही ओढा आटला, डोहाला भेगा पडल्या. पण बनाच्या सावलीत वाळू उकरली, झिरा केला, की कोपरभर खाली पाणी लागायचं. उघड्या काठावर पुरुषभर खणलं तरी कोरडं. आम्ही रात्री-बेरात्री त्याच झिऱ्यावर वाटीनं हंडे भरले. झाडं पाऊस पाडतात की नाही, हे मोठ्या माणसांनी सांगावं. पडलेलं पाणी ती धरून ठेवतात, हे आम्ही वाटीनं मोजलं आहे.

आता कामाचं सांगतो, मृगापासून.

मृगाच्या आगेमागे जांभळं गळतात. लेकरं खातात, बिया आम्ही गोळा करतो. एक गोष्ट गाठीला बांधा. जांभळाचं बी वाळवून डब्यात ठेवायचं नाही. पंधरवडा गेला की त्याचा जीव जातो. ताजं असतानाच ओल्या मातीत टोचायचं. अर्जुनाची पाच पाखांची फळं उन्हाळ्यात पडतात, ती ठेवता येतात. लावायच्या आधी दोन दिवस पाण्यात भिजवायची. आणि सगळ्यात पक्कं रोप म्हणजे बनात आपोआप उगवलेलं. त्याला खड्डा नको, फोटो नको. त्याच्याभोवती चार काटेरी फांद्या रोवल्या की शेळीच्या तोंडातून ते वाचतं.

श्रावणात काम असतं बेशरम काढायचं. ही झुडपं तुमच्याही ओढ्याला असतील. जांभळट फुलं, देठ मोडला की चीक. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून ती माजते आणि सगळा काठ धरते. पहिल्या वर्षी आम्ही चाळीस जणींनी दिवसभर विळे चालवले, तोडलेली बेशरम काठावरच टाकली आणि मोठ्या समाधानानं घरी आलो. महिन्यानं जाऊन बघतो तर प्रत्येक कांडी चिखलात रुजलेली! एकीच्या दहा झाल्या. आपल्या हातानंच लागवड केली म्हणायची. तेव्हापासून ती मुळासकट उपटतो आणि खडकावर नेऊन कडक उन्हात वाळवतो. गाजरगवताचंही तसंच, फुलोऱ्याआधी उपटायचं, आणि हाताला कापड बांधून, नाहीतर अंगाला खाज सुटते. पावसाळ्यात एकटीनं बनात जायचं नाही, हातात काठी हवी. साप चावलाच तर मांत्रिकाकडे धावू नका, १०८ ला फोन लावा आणि सरळ दवाखाना गाठा.

परतीचा पाऊस ओसरला की बनाच्या खालच्या अंगाला वनराई बंधारा घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, वर तोंड शिवायचं. बंधारा गुडघ्याएवढाच. पाणी थांबवायचं नसतं, त्याची चाल मंद करायची असते.

मग येते येळवस. लातूरकडच्या मैत्रिणींना सांगायला नको. भज्जी, उंडे, आंबील, सगळं गाव रानात. आमच्याकडे निम्मी माणसं सावलीला बनात येतात. आणि मागं काय राहतं? पत्रावळीऐवजी प्लास्टिकच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या. पहिली दोन वर्षं आम्ही दुसऱ्या दिवशी पोती भरभरून कचरा उचलला आणि मनातल्या मनात चरफडलो. तिसऱ्या वर्षी आदल्या दिवशीच पळसाच्या पत्रावळ्या घरोघर दिल्या. कचरा एका पोत्यावर आला.

माघात पानगळ होते. इथं आमची दुसरी चूक झाली. आपल्या बायांचा हात कसा, अंगण दिसलं की झाडणारच. आम्ही बन अंगणासारखं लख्ख झाडलं. पाला पेटवला, पडलेली जुनी खोडं ओढून बाहेर काढली. बघणारे वाहवा म्हणाले. पण चैत्रात नेहमी ओली असणारी जमीन भेगाळली. पाला म्हणजे जमिनीची गोधडी होती, आणि आम्हीच ती ओढून घेतली. कुजकं खोड पाणी पितं आणि धरून ठेवतं, त्यात किडे राहतात, किड्यांवर पाखरं जगतात. आता आम्ही फक्त बनाच्या कडेनं दहा फुटांचा पट्टा झाडतो, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. वनखात्याचे लोक याला जाळरेषा म्हणतात. पट्ट्यातला पाला जाळत नाही, आत लोटतो.

आणि आता शिमगा. भांडणाची गोष्ट इथली.

दुसऱ्या वर्षी होळीच्या आधी बनातली दोन करंजं बुडातून तोडलेली दिसली. आम्ही संतापलो. बैठकीत ठराव केला की बनातून काडीही न्यायची नाही, नेली तर शंभर रुपये दंड. सगळ्यांनी अंगठे दिले, सह्या केल्या. आठ दिवसांत पहिली सापडली ती आमच्याच गटातली. करंज तोडणारे राहिले बाजूला, हिच्या डोक्यावर वाळक्या फाट्यांची मोळी होती. शेत नाही, रोजगार तीन दिवस तर चार दिवस नाही. गॅसची टाकी घरात आहे, पण भरायला पैसे नाहीत. आम्ही नियमाला नियम म्हणालो आणि दंड घेतला. तिनं पदराच्या गाठीतून शंभर रुपये काढून दिले आणि त्या दिवसापासून बैठकीला यायची बंद झाली.

दीड महिन्यानं आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. चूल पेटलेली होती, आत वाळकी तुराटी होती. ती म्हणाली, "तुमच्या रोपाला घागरीनं पाणी घालायला मी लागते, अन् माझ्या चुलीला काडी लागत नाही व्हय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण ठरावाला हात वर करणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी शेतातल्या पळाट्या, तुराट्या होत्या. नियम सगळ्यांना सारखा होता, पण त्याचा भार एकटीवर होता.

पुढच्या बैठकीत ठराव बदलला. उभ्या, जित्या झाडाला कुऱ्हाड नाही. पडलेलं जाड खोड जागेवरच राहील. मनगटापेक्षा बारीक वाळक्या फाट्या आठवड्यातून एक दिवस, एक मोळी, ज्यांच्याकडे शेत नाही त्यांना आधी. आणि गावच्या गायरानात जी वेडी बाभूळ माजली आहे, ती ग्रामपंचायतीला विचारून आधी त्यांनाच तोडायला दिली. तिचं जळण चांगलं होतं आणि तोडली तर गायरान मोकळं होतं. दंडाचे शंभर रुपये परत द्यायला गेलो, तेव्हा तिनं ते घेतले, मोजले, आणि म्हणाली, "आता माझा मागल्या दीड महिन्याचा हप्ता भरून घ्या."

आज बनात कुठली फांदी मेली आणि कुठली नुसती झडली, हे तीच आम्हाला दाखवते. नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर ती जिती, सोडून द्यायची. उन्हाळ्यात पानं नसलेला अर्जुनसादडा बघून आम्ही कितीदा फसलो असतो.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. वैशाखात डोहावर रात्री कुणीतरी मोटार लावतं, ते अजून थांबलं नाही. बनाच्या एका अंगाला दरवर्षी नांगराचं एक तास आत सरकतं. त्यासाठी आम्ही मोजणीचा अर्ज करायचं ठरवलं आहे.

एवढ्याशा तुकड्यासाठी एवढा आटापिटा का, असं कुणी म्हणेल. तर कोकणातलं एक उदाहरण सांगतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गाव आहे. तिथं दलदलीत रानजायफळाचं जंगल आहे. बारमाही पाण्यात उभ्या असलेल्या या झाडांची मुळं श्वास घ्यायला गुडघ्यासारखी चिखलाच्या वर येतात. असं जंगल महाराष्ट्रात फार दुर्मीळ. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकराच्या आत. ते टिकलं, कारण गावानं ती देवाची राई म्हणून पिढ्यानपिढ्या राखली. पुढं सरकारनं त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान दिला. आधी गावानं राखलं, कागद मागून आला.

आपल्याकडेही कागदाची वाट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तीत बायकांना जागा द्यावी लागते, आणि गावातली झाडं, पाखरं, औषधी, बियाणं यांची लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते. तुमच्या ग्रामसभेत विचारा, समिती आहे का, नोंदवही कुठं आहे, आपला ओढा तीत लिहिला आहे का. वही कपाटात असेल तर बाहेर काढायला सांगा. उंबर कुठं, जांभूळ कुठं, झिरा कुठं लागतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

आणि सुरुवात करायची तर ठरावानं करू नका, फेरीनं करा. एका दिवशी सगळ्या जणी ओढ्याकाठानं चाला. झाडं मोजा. मग विचारा, या बनावर कुणाची चूल चालते, कुणाची शेळी जगते. त्या बाईला बैठकीत पहिल्या ओळीत बसवा आणि मगच नियम लिहा. कामाच्या बाऱ्या लावा, एका बारीला पाच जणी, महिन्यातून दोन सकाळी. यापेक्षा जास्त ठरवलं तर खुरपणी-कापणीच्या दिवसांत मोडतं, हे आम्ही बघितलं आहे.

मृग जवळ आला आहे. जांभळं गळायला लागली की बिया फेकू नका. आमच्या बनातल्या बिया हव्या असतील तर तुमच्या गटाच्या ताईंकडे निरोप द्या, पण लवकर द्या. ते बी थांबत नाही.

बरंय, येतो आम्ही. नमस्कार.