सल्ला बरोबर, बालक मृत



सोलापूर शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तान्हे बाळ दूध सोडून निपचित पडले, तर रिक्षा करून डॉक्टरांकडे नेता येते. नवजात बालकास जंतुदोषाची शंका येताच रुग्णालयात दाखल करावे, हा वैद्यकशास्त्राचा जुना सल्ला येथे योग्यच ठरतो. हाच सल्ला गडचिरोलीच्या अरण्यातील मातेस दिला जात होता. तिला रस्ता नव्हता, वाहन नव्हते, आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडू नये अशी रूढी होती. सल्ला अचूक राहिला. बालके झोपडीतच दगावत राहिली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत तेथल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना बालकाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकविले. रुग्णालयात न्यावे असे सांगूनही कुटुंब तयार नसेल, तर पालकांच्या संमतीने या स्त्रिया जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यातील मृत्यू ६२ होते, ते सुमारे २५ वर आले. जंतुदोष झालेल्या शंभर बालकांपैकी पूर्वी सुमारे १७ दगावत, आता जेमतेम तीन. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मग धोरण लगेच का बदलले नाही? धोरणकर्ते निष्ठुर होते, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांच्या काही शंका रास्त होत्या. एका ध्येयवेड्या संस्थेच्या देखरेखीखाली जे साधते, ते लक्षावधी सेविकांच्या सरकारी यंत्रणेत साधेल काय? प्रतिजैविकांचा बेसुमार वापर होणार नाही काय? या प्रश्नांना उत्तर हवेच होते.

परंतु शंकांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती फारशी उघडपणे बोलली जात नाही. गावच्या बाईने सुई टोचल्यानंतर बालक मेले, तर चौकशी होते. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कागदावर असते. उपचाराविना घरी मेलेल्या बालकाबद्दल मात्र कोणालाही जाब विचारला जात नाही. कित्येकदा त्या मृत्यूची नोंददेखील होत नाही. जुना नियम पाळणारा असा नेहमीच सुरक्षित राहतो. त्यात सुई ही डॉक्टरांच्याच हाती शोभते, हा व्यवसायाचा अभिमान. आयुष्यभर जे शिकविले ते अपुरे होते, हे मान्य करणे विद्वानांना अधिकच जड जाते.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवा सुरू केली. सुईचा प्रश्न तरीही मागे राहिला. २०१४ मध्ये केंद्राने विशिष्ट परिस्थितीत परिचारिकांना, म्हणजे एएनएमना, जेंटामायसिन देण्यास अनुमती दिली. आणि रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेव्हा बाहेरच उपचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन २०१५ मध्ये आले. १९९५ साली त्या ३९ गावांत वाचलेली बालके तोवर वीस वर्षांची झाली होती.