चासीचा गंज

जुन्या जीपला वरून नवा रंग दिलेला असतो, पण खाली वाकून कोण बघतं? रत्नागिरी-मालवणकडची हवा खारट. त्यात पावसाळाभर चिखल चासीच्या पोकळीत साचतो, ओल सुकत नाही आणि गंज आतून पोखरत येतो. बाहेर पोपडे दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे मागचे पाटे चासीला जिथे अडकवतात, ते ब्रॅकेट. ते तुटलं की ॲक्सल जागेवरून सरकतो आणि वळणावर गाडी हातात राहत नाही. बहुतेकदा गाडी आधी सांगते: एका बाजूला कलते, खड्ड्यात ठणका देते, टायर एकाच कडेने झिजतो.

गाडी रॅम्पवर चढवा आणि मेकॅनिकला हातोडीने चासी ठोकून बघायला सांगा. आवाज खणखणीत आला तर बरं; बद्द आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. गंजावरच काळं अंडरकोटिंग फासणं ही शुद्ध फसवणूक. खासगी गाडीची 15 वर्षांनी फेरनोंदणीसाठी तपासणी होते, पण किनाऱ्यावर तेवढं थांबू नका. पावसाळा संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.