इंग्रजी शिकवायला कोण चालतं?

(आपल्या गटाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. – संपादक)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "या वेळी तुम्ही परदेशातल्या इंग्रजीच्या शिकवण्यांवर बोला. जरा हलकाफुलका विषय होईल." मी लगेच हो म्हटलं, पण फोन ठेवल्यावर तो 'हलकाफुलका' शब्द डोक्यातून जाईना. इंग्रजी शिकवणं हे परदेशात गेलेल्या माणसाचं हातखर्चाचं काम, दुसरं काही मिळेपर्यंत करायचं, असंच सगळे धरून चालतात. शिकवणारे तसं समजतात, शिकवायला लावणारेही तसंच समजतात. त्याची किंमत कोण मोजतं, हे मला आज सांगायचं आहे.

मी टोकियोत नऊ वर्षं होते, २००४ ते २०१३. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी डिपेंडंट व्हिसावर. आपल्यातल्या बऱ्याच बायकांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे! जपानमध्ये या व्हिसावर वेगळी परवानगी काढली, तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. आम्ही निशी-कासाई भागात राहायचो. तिथे तेव्हा भारतीय कुटुंबं वाढत होती. पुण्याला मी एका शाळेत सहा वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं होतं. एम. ए. इंग्रजी, बी. एड. झालेलं. मला वाटलं, या देशात आपल्याला कामाला तोटा नाही.

कारण जपानमध्ये प्रत्येक मोठ्या स्टेशनजवळ 'एइकाइवा', म्हणजे इंग्रजी संभाषणाची शाळा असते. अशाच एका शाळेत २००५ मध्ये मी मुलाखतीला गेले. नाव सांगत नाही, कारण तशा शाळा पुष्कळ होत्या. मॅनेजरबाई अतिशय नम्र होत्या. माझी प्रमाणपत्रं त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, वाचली, आणि दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे. पण आमच्या ग्राहकांना नेटिव्ह हवा असतो."

ती जागा ज्याला मिळाली तो मुलगा पुढे आमच्या ओळखीचा झाला. कॅनडाचा, वय २३, भूगर्भशास्त्राचा पदवीधर, जग बघायला निघालेला. गुणी मुलगा होता. त्याला शाळेने तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि वर्गावर पाठवलं. एक दिवस तो घरी चहाला आला आणि त्याने विचारलं, "विद्यार्थी विचारतात की 'द' कधी लावायचा आणि 'अ' कधी. मला बरोबर लावता येतं, पण का ते सांगता येत नाही. तुम्ही काय सांगता?"

याचं उत्तर मला देता येत होतं, कारण मी ते स्वतः घाम गाळून शिकले होते. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, जपानीतही नाहीत. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यांच्याकडेही येतं. आपण 'मी पुण्याला जाते' म्हणतो, ते 'वाताशि-वा पुने-नि इकिमास' म्हणतात. शब्दाला शब्द लावून बघा, क्रम तोच, आणि आपला 'ला' तिथे त्यांचा 'नि'. जपानी माणूस इंग्रजी वाक्यात कुठे अडखळणार हे मला आधीच दिसायचं, कारण त्याच दगडाला मीही अडखळले होते. पण ही पात्रता त्या शाळेच्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

हा एकट्या जपानचा प्रश्न नाही. दक्षिण कोरियात तर तो व्हिसाच्या नियमातच लिहिलेला आहे. तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कुठल्याही विषयाची चालते. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तेव्हा भारतीयांसाठी एक दार किलकिलं झालं, पण ते सहायक शिक्षकाचं, आणि त्यासाठी अध्यापनाची पात्रता हवी. म्हणजे एकाला पासपोर्ट पुरतो, आणि दुसऱ्याने शिकवण्याचं शिक्षण घेतलं असलं तरी तो सहायक!

ही समजूत आली कुठून? १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर एक परिषद झाली. पुढची अनेक वर्षं या क्षेत्राने जी गृहीतकं मानली, ती तिथे पक्की झाली. जन्माने इंग्रजी बोलणारा तोच आदर्श शिक्षक, हे त्यातलं एक. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या 'लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम' या पुस्तकात त्याला सरळ भ्रम म्हटलं. त्यांचा मुद्दा साधा होता. शिक्षक जन्मत नाही, तो घडवावा लागतो. 'टेसॉल' या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली. तरीही जाहिरातींमधला 'नेटिव्ह' शब्द गेला नाही.

आता या व्यवस्थेत तो कॅनडाचा मुलगा तरी सुखी होता का? त्याच्याही हातात काही नव्हतं. वर्षाचा करार, घर कंपनीचं, नोकरी गेली की घरही धोक्यात. २००७ मध्ये काय झालं ते आठवत असेल. 'नोव्हा' ही जपानमधली इंग्रजी संभाषण-शाळांची सर्वांत मोठी साखळी. विद्यार्थ्यांकडून दोन-दोन, तीन-तीन वर्षांची फी आगाऊ घेऊन चालणारी. जूनमध्ये सरकारने तिच्या नव्या दीर्घ मुदतीच्या करारांवर बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये ती कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. काही शिक्षकांनी तर जेवणाच्या बदल्यात धडे दिले. ज्याला केवळ चेहऱ्यासाठी कामावर घेतात, त्याच्या जागी दुसरा चेहरा आणायला कितीसा वेळ लागतो? मला दार बंद करणारा विचार आणि त्या मुलांना रस्त्यावर आणणारा विचार एकच होता: या कामात कौशल्य नाही.

पण सर्वांत जास्त नुकसान झालं ते शिकणाऱ्याचं. एकच माणूस सांगते.

पुढे मी आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात एक वर्ग सुरू केला. फी नाममात्र. तिथे एक पन्नाशीचे गृहस्थ आले. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात ते गुणवत्ता-तपासनीस होते. दोन वर्षं स्टेशनजवळच्या शाळेत जाऊन आलेले. 'हाऊ वॉज युवर वीकेंड' याचं उत्तर ते झकास द्यायचे. आता कंपनी त्यांना कुठे पाठवत होती, ओळखा. चाकणला!

पुण्याहून त्यांना येणारे ई-मेल ते वर्गात घेऊन यायचे. 'काइंडली डू द नीडफुल' हे काय असतं? 'मीटिंग प्रीपोन केली' म्हणजे काय? शब्दकोशात तर नाही. एकदा त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "सुपरवायझर 'आउट ऑफ स्टेशन' आहेत म्हणतात. मग ते स्टेशनच्या कुठल्या दाराशी उभे आहेत?" आम्ही दोघेही पोट धरून हसलो. पण नंतर मला वाईट वाटलं. या माणसाने दोन वर्षं खिशातले पैसे मोजले होते, आणि त्याला ज्या माणसांशी बोलायचं होतं, त्यांचं इंग्रजी त्याच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं. ज्या इंग्रजीमुळे मला नोकरी नाकारली गेली, नेमकं तेच त्याला हवं होतं.

माझ्या मर्यादाही सांगते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला आघाताचा फरक माझ्या बोलण्यात नीट उमटत नाही, आपल्यापैकी अनेकांच्या उमटत नाही. कारखान्यात पंधरा आणि पन्नास यांत घोटाळा झाला तर माल परत येतो. म्हणून मी त्या कॅनडाच्या मुलाला वर्गावर बोलावलं. त्याने आघात शिकवला, मी शिकवलं की चाकणहून फोन आला आणि आकडा कळला नाही, तर न लाजता 'वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?' असं विचारायचं. सहा महिने आम्ही दोघांनी मिळून तो वर्ग चालवला. जन्माने इंग्रजी बोलणारा शिक्षक नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. जन्म ही शिकवण्याची पात्रता नाही, एवढंच म्हणणं आहे. ते गृहस्थ चाकणला गेले, तिथून त्यांचं पत्र आलं. सुपरवायझर स्टेशनच्या आतच आहेत, असं त्यांनी कळवलं होतं!

इथे टाळ्या घेऊन मला थांबता आलं असतं. पण आपला गट स्वतःला पुरोगामी म्हणवतो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय खाली बसणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

पुण्याच्या माझ्या शाळेत नववीत एक मुलगी होती. घरात शिकणारी पहिलीच. तिचं इंग्रजी लिखाण वर्गात उत्तम होतं. एकदा इंग्रजीच्या तासाला तिला उताऱ्याचा अर्थ मराठीत सांगायला लावला. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली, 'लोणी'ला 'लोनी'. वर्ग हसला. आणि मंडळी, मीही हसले. तिला सगळ्यांसमोर 'ण' तीनदा म्हणायला लावला. वर्षभर त्या मुलीने पुन्हा हात वर केला नाही. मला वाटलं, लाजाळू आहे.

टोकियोत नकार मिळाला त्या रात्री मी नवऱ्यापाशी खूप तणतणले. उच्चारावरून माणसाची लायकी ठरवतात म्हणजे काय! ही मुलगी मात्र मला त्या रात्री आठवली नाही. ती आठवली कित्येक महिन्यांनी, चाकणच्या गृहस्थांचं वाक्य दुरुस्त करताना. ते चुकले की मी किती जपून सांगत होते! तो संयम मी तिच्यासाठी का दाखवला नव्हता? मॅनेजरबाईंनी निदान माझी प्रमाणपत्रं दोन्ही हातांनी परत दिली होती.

'न' आणि 'ण' यांवरून आपण माणसाचं गाव ओळखतो, बहुतेक वेळा जात ओळखतो, आणि मग त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधतो. जन्माने मिळालेली बोली हीच पात्रता, हा नियम आपण परदेशात येऊन शिकलेलो नाही. तो आपण घरून घेऊन आलो होतो. फक्त इथे तो आपल्यावर लागू झाला, तेव्हा टोचला. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, ते ज्यांना शिकूच दिलं जात नव्हतं त्यांना. आपण त्याच इंग्रजीची नवी उतरंड रचावी, हे काही बरं नव्हे.

तेव्हा माझं मागणं छोटं आहे. मुलांसाठी शिकवणी शोधताना शिक्षक कुठे जन्मला हे विचारण्याआधी तो कसं शिकवतो ते पाहा, अर्धा तास त्याच्या वर्गात बसून पाहा. आपल्यापैकी ज्या कुणी वेळ जातो म्हणून शिकवण्या घेत असतील, त्यांनी रीतसर प्रशिक्षण जरूर घ्यावं. सेल्टासारखा अभ्यासक्रम पूर्ण वेळ केला तर साधारण चार आठवड्यांचा आहे, आणि त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवून दाखवावं लागतं. आणि आपल्या रविवारच्या मराठी वर्गात कुणाचं मूल 'पानी' म्हणालं, तर त्याला आधी पाणी द्या. व्याकरण नंतर.

ती मुलगी आज चाळिशीच्या आसपास असेल. कुठे आहे मला ठाऊक नाही. ती कुठेतरी शिकवत असावी, असं मला फार वाटतं.