'बांधा : सडपातळ' लिहिण्याआधी

(पाचगणी येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आपण बसलोय त्या पाचगणीत एके काळी वजन वाढलं की आनंद व्हायचा. 1912 साली डॉ. बिलिमोरियांनी इथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार, आणि वजन वाढणं ही बरं होत असल्याची खूण. पुढं 2016 साली सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' हा चित्रपट आला. त्याची गोष्टही पाचगणीतच घडते, पण त्यातल्या दोघी मैत्रिणी वजन उतरवायच्या मागे लागलेल्या असतात. गाव तेच, काटा तोच. बघणारी नजर बदलली की बाईच्या देहाची किंमत बदलते.

ही नजर आज मोबाईलवर आली आहे. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर 'शरीरयष्टी' असा रकाना असतो. तो कोण भरतं, हे आपण विचारायला हवं.

आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली होती. वाईकडची, बी.कॉम. झालेली, नोकरी करणारी. तिची माहिती तिच्या भावानं भरली होती. फोटो कॉलेजातला, पाच वर्षांपूर्वीचा. रकान्यात 'सडपातळ'. मधल्या काळात तिचं वजन वाढलं होतं. पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोतली मुलगी आत आहे का?"

गंमत म्हणजे नकार आला नाही, होकार आला. सोबत निरोप : "आमची फसवणूक झाली, तरी पदरात घेतो. लग्नाचा दोन्हीकडचा खर्च तुम्ही करा." खोटं लिहिलं भावानं, दंड बसला मुलीच्या देहाला. असा मागितलेला पैसा म्हणजे हुंडाच, आणि हुंड्याची मागणी 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरचे मात्र कर्ज काढायला निघाले होते.

मुलीनंच नकार दिला. मग आम्ही दोघी बसलो आणि माहिती तिनं स्वतःच्या हातानं लिहिली. पहिल्या खेपेला लिहिलं, "जाड आहे, पण स्वभावानं चांगली." मी म्हटलं, "बाई गं, तो 'पण' खोड." तिनं खोडला. शेवटी असं झालं : "बांधा जाड. फोटो याच महिन्यातला. नोकरी सोडणार नाही. हुंडा देणार नाही."

स्थळं कमी येऊ लागली, हे मी लपवणार नाही. तिचं लग्न अजून ठरलेलं नाही, आणि घरात बोलणी बसतात. पण ती म्हणाली, "ताई, आता दार उघडताना छातीत धडधडत नाही."

रकाने बदलतात, हेही आपण पाहिलंय. 2020 साली अमेरिकेतल्या हेतल लखानी यांनी सह्यांची मोहीम काढली आणि 'शादी डॉट कॉम'ला कातडीच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढून टाकावी लागली. रंगाची चाळणी जाऊ शकते, तर वजनाचीही जाऊ शकते. तोवर आपल्या गटांतून चार गोष्टी करूया.

मुलीची माहिती मुलगीच भरेल. फोटो आजचा असेल; घरचा पत्ता आणि फोन नंबर मात्र सगळ्यांना दिसेल असा टाकायचा नाही. जे तिच्याबद्दल विचारलं जातं, ते मुलालाही विचारायचं : उंची, पगार, व्यसन, आणि हो, पोटाचा घेरसुद्धा! चौथी गोष्ट लग्नानंतरची. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, हेटाळणी, नावं ठेवणं हीसुद्धा हिंसा मानली आहे. तेव्हा संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज लिहिताना 'सासरी त्रास होतो' एवढ्यावर थांबू नका. 'जाडी', 'म्हैस' हे शब्द, कोण म्हणालं, कधी म्हणालं, जसंच्या तसं लिहा.

आपण खरं लिहायचं ते कुणाची माफी मागण्यासाठी नाही. पहिल्या भेटीतच आपल्याला मान वर करून बसता यावं, म्हणून. आज घरी गेल्यावर आपापल्या लेकींची, भाच्यांची माहिती उघडून बघा. कुठं तो 'पण' सापडला, तर त्यांच्याच हातानं खोडून घ्या.